चोरीच्या मोटारींचा ‘सीलबंद’ प्रवास

कॅनडातून चोरलेल्या हजारो मोटारी गेल्या काही वर्षांत कंटेनरमध्ये बसून समुद्रापार गेल्या. चोरांनी गाडीचे कुलूप तोडले, हा या गोष्टीचा केवळ पूर्वार्ध. जगाचा व्यापार ज्या लोखंडी पेटीवर चालतो तिच्या आत काय आहे, हे देश सोडताना सहसा कोणी पाहत नाही, हा तिचा उत्तरार्ध आहे आणि तो अधिक चिंताजनक आहे.

टोरांटो शहराच्या एटोबिकोक भागात २०२४ च्या सुरुवातीला नागरिकांच्या सुरक्षेविषयी एक बैठक झाली. मोटारचोऱ्यांनी हैराण झालेल्या रहिवाशांना तेथे पोलिसांकडून एक सल्ला मिळाला. गाडीची किल्ली रात्री घराच्या पुढच्या दाराशीच ठेवा, असा तो सल्ला होता. चोर घरात शिरतात ते गाडीसाठी. किल्ली दाराशीच हाताला लागली तर ते आत येणार नाहीत आणि घरातल्या माणसांच्या जिवावर बेतणार नाही, असा त्यामागचा हिशेब. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. परंतु कायद्याचे राज्य म्हणून ज्या देशाचा जगभर लौकिक आहे, तेथील पोलिसांनीच नागरिकांना चोराची सोय करून ठेवायला सांगावे, याचा सर्वत्र गवगवा झाला. मोटारचोरी रोखण्याचे इतरही मार्ग आहेत, असे टोरांटो पोलिसांना मग स्वतंत्रपणे सांगावे लागले.

ही बातमी आपल्याकडेही अनेक घरांत काळजीने वाचली गेली असेल. टोरांटोच्या भोवतालच्या ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा या उपनगरांत भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूरची मुले-मुलीही तेथे संसार थाटून आहेत. त्या भागात सार्वजनिक वाहतूक आपल्या लोकलसारखी दारापर्यंत येत नाही. उणे तापमानाच्या हिवाळ्यात मोटार ही चैन राहत नाही, ती गरज होते. घरापुढच्या फरसबंद जागेत रात्री उभी केलेली गाडी सकाळी दिसत नाही, हा अनुभव तेथे इतका नित्याचा झाला की शेजारी त्याबद्दल हळहळतात, पण आश्चर्य व्यक्त करत नाहीत.

२०२२ या एका वर्षात कॅनडात एक लाख पाच हजारांहून अधिक वाहने चोरीस गेली. म्हणजे दर पाच मिनिटांना साधारण एक. २०२३ मध्ये मोटारचोरीच्या दाव्यांपोटी विमा कंपन्यांना सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलर मोजावे लागले. देशाच्या कायदामंत्र्यांच्या दिमतीला असलेली सरकारी मोटारही चोरीस गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा सामान्य माणसाने कोणाकडे पाहावे, हा प्रश्नच उरला नाही.

यातून खरा प्रश्न उभा राहतो तो वेगळा. दारातून गेलेली गाडी जाते कोठे? एवढी वाहने त्याच देशाच्या रस्त्यांवर लपवून ठेवणे अवघड आहे. त्यांतील मोठा हिस्सा बंदरातून, रीतसर कागदपत्रांनिशी, देशाबाहेर गेला. म्हणजे चोरीचा माल ‘निर्यात’ झाला. हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर मोटार परदेशी पाठवण्याचा सरळ मार्ग आधी पाहिला पाहिजे.

मोटार पेटीत कशी बसते?

समुद्रमार्गे मोटार पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत. कारखान्यातून निघालेल्या नव्या मोटारी सहसा ‘रो-रो’ जहाजांतून जातात. बहुमजली वाहनतळासारखे हे जहाज असते. गाडी स्वतःच्या चाकांवर चढते आणि स्वतःच्या चाकांवर उतरते. चाकणच्या कारखान्यांतून मुंबई बंदरात येणाऱ्या मोटारी परदेशी जातात त्या अशाच. दुसरी पद्धत कंटेनरची. घर बदलून दुसऱ्या देशात जाणारा नोकरदार, जुन्या मोटारींचा शौकीन किंवा वापरलेल्या गाड्यांचा व्यापारी या पद्धतीकडे वळतो. गाडीसोबत घरसामान पाठवता येते, गाडी ऊन-वाऱ्यापासून सुरक्षित राहते आणि रो-रो जहाजे ज्या बंदरांत जात नाहीत तेथेही ती पोचते. २०२१ नंतर मोटारवाहू जहाजांचा तुटवडा पडला, तेव्हा चिनी कंपन्यांनी नव्या मोटारीही कंटेनरमध्ये घालून पाठवल्या.

चाळीस फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे बारा मीटर आणि रुंदी जेमतेम २.३५ मीटर असते. मध्यम आकाराच्या दोन मोटारी त्यात एकामागे एक सहज बसतात. लोखंडी घोडे लावून एक गाडी तिरपी वर चढवली तर तीन, प्रसंगी चारही मावतात. गाडी आत नेणाऱ्या चालकाला दार पुरते उघडता येत नाही. तो अंग चोरून, कधी खिडकीतून बाहेर येतो. टाकीत इंधन थोडेच ठेवतात, बॅटरीची तार काढतात, चाकांना लाकडी ठोकळे लावतात आणि पट्ट्यांनी गाडी तळाच्या कड्यांना आवळून बांधतात. समुद्रात जहाज हेलकावे खाते तेव्हा दोन टनांची मोटार पेटीत सुटली तर काय होईल, हे सांगायला नको.

मग दारे बंद होतात आणि कडीत बोल्टसारखे सील ठोकले जाते. त्यावर क्रमांक असतो. तो क्रमांक कागदपत्रांवर चढतो. या क्षणापासून पेटी बोलत नाही, तिच्या वतीने कागद बोलतो. मालक कोण, माल कोणता, वजन किती, जाणार कोठे, हे सारे बिल ऑफ लेडिंग आणि निर्यातीच्या घोषणापत्रावरून कळते. जहाज कंपनीने पेटी उघडून पाहिलेली नसते. तिचे बिल ऑफ लेडिंगही माल पाठवणाऱ्याच्या सांगण्यावरूनच तयार होते.

विश्वासावर उभा व्यापार

ही व्यवस्था दोषपूर्ण म्हणून जन्माला आली नाही. उलट तिच्या यशाचे रहस्यच ‘न उघडणे’ हे आहे. माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ या जहाजातून ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनकडे रवाना केल्या. त्याआधी गोणी, पिंप, खोके असा सुटा माल हमालांच्या पाठीवरून जहाजात चढत असे. त्यात दिवसचे दिवस जात आणि गोदीतली चोरी हा तर व्यवसायाचा गृहीत धरलेला खर्च होता. मॅक्लीनची पेटी कारखान्यात बंद झाली ती थेट ग्राहकाच्या दारात उघडली. चोरी घटली, वेळ वाचला, वाहतूक स्वस्त झाली. आज जगातील सर्वांत मोठ्या जहाजांवर वीसफुटी परिमाणाच्या २४ हजारांहून अधिक पेट्या मावतात. २०२५ च्या जूनमध्ये केरळच्या विळिंजम बंदरात आलेले ‘एमएससी इरिना’ हे त्यांपैकीच एक.

गोदीतली चोरी थांबवण्यासाठी ज्या पेटीचे सर्वांत मोठे कौतुक झाले, तीच पेटी पुढे चोरीचा माल लपवण्याची सर्वांत सोयीची जागा ठरली, हा या कथेतील विरोधाभास आहे. अशा एका जहाजावरची प्रत्येक पेटी उघडायची म्हटले तर बंदरे ठप्प होतील. म्हणून जगभरचे सीमाशुल्क अधिकारी जोखीम पाहून मोजक्याच पेट्या निवडतात. उरलेल्या कागदाच्या भरवशावर जातात.

जुलै २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे वजन प्रमाणित करणे आंतरराष्ट्रीय नियमानुसार बंधनकारक आहे. पण वजनकाटा टन सांगतो, माल सांगत नाही. दोन मोटारींचे वजन घरसामान आणि यंत्रांचे सुटे भाग म्हणून सहज खपून जाते.

दारापासून बंदरापर्यंत

कॅनडातील टोळ्यांनी नेमके हेच हेरले. गाडी चोरण्याचे काम तुलनेने सोपे झाले होते. कॅनडाने २००७ मध्ये नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला, तेव्हा तारा जोडून गाडी पळवणारे हौशे-गवशे चोर मागे पडले. पुढे बिनकिल्लीची, बटणावर सुरू होणारी मोटार आली आणि चोरही इलेक्ट्रॉनिक झाले. घरात ठेवलेल्या किल्लीचा क्षीण संदेश बाहेरून पकडून वाढवायचा किंवा गाडीच्या संगणकजालात शिरून नवी किल्ली ओळखायला लावायची, या युक्त्यांनी काही मिनिटांत काम होते. टोयोटा हायलँडर, होंडा सीआर-व्ही, लेक्सस, रेंज रोव्हर आणि मोठे पिकअप ट्रक यांना विशेष मागणी. करोनाकाळानंतर चिप्सच्या टंचाईने नव्या गाड्या दुर्मिळ झाल्या, जगभर किमती चढल्या आणि या धंद्यातला नफा आणखी फुगला.

चोरलेली गाडी लगेच बंदराकडे जात नाही. एखाद्या वाहनतळावर किंवा शांत गल्लीत ती काही दिवस नुसती उभी राहते. गाडीत माग काढणारे यंत्र असेल तर पोलिस तेथे येतील. कोणी आले नाही म्हणजे रस्ता मोकळा. मग ती कंटेनरमध्ये शिरते, ट्रकने किंवा रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरच्या मॉन्ट्रियलला पोचते आणि कागदावर ‘घरसामान’ म्हणून जहाजावर चढते. पुढे युरोपातील बंदरांत जहाज बदलून पश्चिम आफ्रिकेत किंवा आखाती देशांत उतरते. टोरांटोच्या एका मालकाने गाडीत लपवून ठेवलेल्या छोट्या ट्रॅकरवरून आपली मोटार थेट संयुक्त अरब अमिरातीत पोचलेली पाहिली. २०२४ मध्ये इटलीतील जोया ताउरो बंदरात तेथील पोलिसांना कॅनडातून चोरलेल्या २५१ मोटारी सापडल्या. त्या आखाताकडे निघाल्या होत्या.

मॉन्ट्रियलच का, याचे उत्तर भूगोलात आहे. हे बंदर सेंट लॉरेन्स नदीवर, देशाच्या लोकवस्तीच्या पट्ट्यात आहे. अटलांटिकपलीकडे युरोप, भूमध्य समुद्र आणि आफ्रिकेशी ते नियमित सेवांनी जोडलेले आहे. वीसफुटी परिमाणात वर्षाला सुमारे पंधरा लाख कंटेनर तेथून ये-जा करतात. या गर्दीत चोरीच्या मोटारीची पेटी शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे.

त्यातही अधिकारांची गुंतागुंत आहे. संशयाला सबळ कारण असेल तर कॅनडाच्या सीमासेवा संस्थेचे अधिकारी कंटेनर उघडू शकतात. पण शहराच्या किंवा प्रांताच्या पोलिसांना न्यायालयाचे वॉरंट लागते. मालकाच्या हातातल्या फोनवर गाडी अमुक आवारात असल्याचे दिसते, तो पोलिसांना कळवतो, पोलिस त्या आवाराच्या कुंपणाशी येतात, आणि समोर एकासारख्या एक शेकडो पेट्यांच्या थप्प्या असतात. कोणती उघडावी हे ट्रॅकर सांगत नाही. तोवर जहाज निघून गेलेले असते.

बाहेर जाणाऱ्याकडे पाठ

आता मूळ प्रश्नाकडे यायला हवे. इतक्या मोटारी जात असताना कोणाच्याच लक्षात कसे आले नाही? याचे उत्तर एखाद्या अधिकाऱ्याच्या गाफीलपणात शोधणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. सीमाशुल्क खात्याची रचनाच आत येणाऱ्या मालाकडे तोंड करून झालेली असते. आयातीवर जकात मिळते. आयातीतून अमली पदार्थ, शस्त्रे आणि रोगराई येण्याचे भय असते. निर्यातीतून सरकारला जकात मिळत नाही, उलट परकी चलन आणि रोजगार मिळतो. म्हणून निर्यातदाराला अडवू नये, त्याची पेटी बंदरात पडून राहू नये, हेच प्रत्येक देशाचे धोरण असते. देशाच्या घराला दोन दारे आहेत. पुढच्या दारावर पहारेकरी, मागच्या दाराला नुसती कडी.

अमेरिकेचेच उदाहरण घ्या. अमेरिकेत येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच स्कॅन झाला पाहिजे, असा कायदा तेथील काँग्रेसने २००७ मध्ये केला आणि त्यासाठी २०१२ ची मुदत ठेवली. ती मुदत वारंवार पुढे ढकलावी लागली आणि ते उद्दिष्ट साध्य झाले नाही. जेथे दहशतवादाचे भय आहे तेथे आत येणाऱ्या पेट्यांची ही कथा, तर बाहेर जाणाऱ्या पेट्यांची काय वर्णावी!

कॅनडाला याची सूचना मिळाली नव्हती असेही नाही. तेथील महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्येच सीमेवरील निर्यात-नियंत्रणाचा स्वतंत्र अहवाल सादर करून त्यातील त्रुटी दाखवल्या होत्या. त्यानंतरही समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाची घोषणा जहाजात भरण्याच्या ४८ तास आधी केली की बहुतेक पेट्यांचे काम भागत होते. त्याहून बोलकी गोष्ट २०२५ मध्ये समोर आली. कॅनडा सरकारने जूनमध्ये सीमासुरक्षेचे सी-२ हे विधेयक मांडले. बंदरे, रेल्वे यार्ड आणि गोदामे चालवणाऱ्यांनी निर्यातीचा माल तपासण्यासाठी अधिकाऱ्यांना जागा आणि प्रवेश द्यावा, असे त्यात एक कलम होते. ऑक्टोबरमध्ये ती तरतूद सी-१२ या नव्या विधेयकात घेण्यात आली. आयातीच्या मालासाठी अशी जागा देण्याचे बंधन कायद्यात पूर्वीपासून होते. निर्यातीसाठी ते नव्याने घालावे लागले, यातच सर्व काही आले.

कारवाई आणि तिची मर्यादा

२०२४ मध्ये मात्र सरकार हलले. ८ फेब्रुवारीला ओटावात केंद्र, प्रांत, पोलिस, विमा कंपन्या आणि मोटार उत्पादक यांची राष्ट्रीय परिषद झाली. सीमासेवा संस्थेला २ कोटी ८० लाख डॉलर जाहीर झाले. मे महिन्यात कृती आराखडा आला. हिंसाचार किंवा संघटित गुन्हेगारीशी संबंध असलेल्या मोटारचोरीला १४ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. चोरलेल्या वाहनांची माहिती इंटरपोलच्या यादीला जोडली गेली आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून कॅनडाच्या मोटारी सापडू लागल्या.

सर्वांत शिकवणारी कारवाई ‘प्रोजेक्ट व्हेक्टर’ या नावाने झाली. डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात ऑन्टारिओ आणि क्वेबेकचे पोलिस आणि सीमासेवा संस्था यांनी एकत्र येऊन मॉन्ट्रियल बंदरातील सुमारे ४०० कंटेनर उघडले. त्यांतून ५९८ चोरीची वाहने मिळाली. वर्षाला लाखो पेट्या हाताळणाऱ्या बंदरात, नेमकी माहिती हाती असेल तर चारशे पेट्यांतून सहाशे मोटारी निघतात. म्हणजे साऱ्या पेट्या उघडण्याची गरज नव्हती. योग्य त्या उघडण्याची इच्छा, माणसे आणि माहिती यांची गरज होती.

आकडे सुधारले. सीमासेवा संस्थेने २०२३ मध्ये १,८०६ चोरीची वाहने अडवली होती, २०२४ मध्ये ही संख्या २,२७७ झाली. विमा क्षेत्राच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये खासगी मोटारींच्या चोऱ्या सुमारे १९ टक्क्यांनी घटून ५७ हजारांवर आल्या आणि २०२५ च्या पूर्वार्धात आणखी घट झाली. हे यश नाकारण्याचे कारण नाही. पण ५७ हजार हा आकडाही लहान नव्हे. शिवाय बंदराचे दार आवळले की टोळ्या दुसरा मार्ग शोधतात. गाडीचा सतरा अंक-अक्षरांचा ओळखक्रमांक बदलून तीच गाडी देशातच अनभिज्ञ ग्राहकाला विकायची, हा त्यांतला एक. तेथे फसणारा माणस दुहेरी बुडतो. एके दिवशी पोलिस येऊन गाडी नेतात आणि कर्जाचे हप्ते मात्र उरतात.

आणि ज्याची गाडी चोरीस गेलीच नाही, तोही यातून सुटत नाही. जोखमीच्या मॉडेलवर काही विमा कंपन्यांनी अधिभार लावला. ट्रॅकर बसवाल तरच तो माफ. चोराने उकळलेला पैसा अशा रीतीने सर्व मोटारमालकांच्या खिशातून वसूल होतो.

इतरांनी काय केले?

सगळा व्यापार न अडवताही या दाराला कुलूप लावता येते. अमेरिकेतून वापरलेली मोटार निर्यात करायची तर मालकीहक्काची कागदपत्रे आणि प्रत्यक्ष गाडी जहाजात चढण्यापूर्वी किमान ७२ तास सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे हजर करावी लागते. जपान हा वापरलेल्या मोटारींचा जगातील मोठा निर्यातदार. तेथे निर्यातीसाठी नोंदणी रद्द केल्याचा दाखला लागतो. या दोन्ही नियमांचे मर्म एकच आहे. मोटार ही इतर मालासारखी नाही. तिला स्वतःचा क्रमांक आहे, नोंदणी आहे, मालक आहे. बटाट्याच्या पोत्याला विचारता येत नाही तो प्रश्न मोटारीला विचारता येतो : तू कोणाची?

अर्थात हे नियम ‘मोटार’ म्हणून घोषित झालेल्या मालाला लागू पडतात. ‘घरसामान’ म्हणून जाणाऱ्या पेटीला ते विचारणार कोण? म्हणून दाखल्यांच्या जोडीला माहिती लागते. एकाएकी उगवलेला निर्यातदार, दर आठवड्याला परदेशी जाणारे ‘घरसामान’, मालाच्या वर्णनाशी न जुळणारे वजन, या खुणा कागदावरच दिसतात. त्या वाचायला कोणी तरी बसलेले हवे, एवढेच.

न्हावा-शेवा आणि आपण

भारताने यावरून निश्चिंत व्हावे असे काही नाही. आपल्याकडेही पुढचे दार भक्कम आहे. टोरांटोहून परतणाऱ्या कोणी आपली वापरलेली मोटार सोबत आणायची ठरवली तर नियमांची भिंत आडवी येते. गाडी तीन वर्षांहून जुनी नसावी, सुकाणू उजव्या बाजूला असावे आणि ती केवळ मुंबई बंदरातूनच आणावी, अशा अटी आहेत. कॅनडातल्या गाडीचे सुकाणू डावीकडे असते, तेव्हा बहुतेकांचा विषय तेथेच संपतो. उरलेल्यांना गाडीच्या किमतीहून अधिक कर भरावा लागतो.

बाहेर जाणाऱ्या मालाबाबत मात्र आपले धोरणही निर्यातदाराची सोय पाहणारे आहे. तसे ते असायलाही हवे. २०१७ पासून निर्यातदाराला कारखान्यातच कंटेनर भरून स्वतः इलेक्ट्रॉनिक सील लावता येते. बंदरात जोखीम-व्यवस्थापन प्रणाली ज्या पेट्यांकडे बोट दाखवते त्या तपासल्या जातात. २०२४-२५ मध्ये एकट्या जवाहरलाल नेहरू बंदरातून वीसफुटी परिमाणाच्या सुमारे ७३ लाख कंटेनरची वाहतूक झाली. यांतील प्रत्येक पेटी उघडावी, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही.

पण याच न्हावा-शेव्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने निर्यातीच्या कंटेनरमधून रक्तचंदन वेळोवेळी पकडले आहे. कागदावर भलताच माल आणि आत आंध्रच्या जंगलातून तोडलेले ओंडके. कधी रीतसर सील झालेली पेटी वाटेत गाठून आतला माल बदललेला. टोरांटोची मोटार आणि शेषाचलमचे चंदन यांत पद्धतीचा काहीही फरक नाही. दोन्हीकडे चोराने कायदा तोडला तो जमिनीवर. बंदरात त्याने कायद्याचा आधार घेतला. एकदा सील लागले की तो माल संशयातून जणू मुक्त होतो.

येथे धोरणकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. निर्यातीचे आकडे वाढवण्याच्या भरात आपण दरवर्षी ‘पेटी किती तासांत जहाजावर चढली’ हे मोजतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. तो रास्तही आहे. पण त्याच तक्त्यात ‘किती पेट्या उघडल्या आणि त्यांत काय निघाले’ असाही एक रकाना हवा. वेग आणि तपासणी ही एकमेकांची वैरी आहेत असे समजण्याचे कारण नाही. नेमक्या चारशे पेट्यांची निवड हजारोंच्या प्रवासाला धक्का लावत नाही, हे मॉन्ट्रियलने दाखवून दिले आहे. तेथे ते सुचायला मात्र काही वर्षे आणि लाखभर मोटारमालकांचे नुकसान खर्ची पडले.

कंटेनरने जगाला स्वस्ताई दिली ती एका विश्वासाच्या बळावर. सांगितले आहे तेच आत आहे, हा तो विश्वास. त्याची अधूनमधून परीक्षा घेतली नाही तर त्याचा फायदा प्रामाणिक निर्यातदारापेक्षा चोरालाच अधिक होतो. आणि मग एक दिवस असा येतो की ज्या मालाला बंदराच्या दाराशी अडवायला हवे होते, त्याच्यासाठी नागरिकाला आपल्या घराच्या दाराशी किल्ली ठेवून झोपावे लागते.